आठवीचा पहिला धडा आणि रँडसाहेबाचा अहवाल

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य असे प्रकार, प्रत्येकाची चार-पाच उदाहरणं आणि खाली स्वाध्याय. मुलं तक्ता पाठ करतात, घटक चाचणीत पैकीच्या पैकी मार्क मिळवतात आणि एकाही अस्सल कागदाचं तोंड न बघता नववीत जातात. वृत्तपत्रं, पत्रव्यवहार, सरकारी अहवाल ही लिखित साधनं, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण सरकारी अहवाल दिसतो कसा, असं एखाद्या पोराने विचारलं तर दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मग ठरवलं, हा धडा कागद समोर ठेवूनच घ्यायचा.

मी चिंचवडला मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमची कितीतरी मुलं चापेकर चौकातून शाळेत येतात. त्यामुळे विषय हुडकत बसावं लागलं नाही. १८९७ चा पुण्यातला प्लेग, प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या. गोष्ट मुलांना तोंडपाठ असते, ‘गोंद्या आला रे’ या इशाऱ्याच्या हाकेसकट. मला हवं होतं ते त्या गोष्टीच्या मागचं दप्तर. पाठ्यपुस्तकातल्या त्या चार ओळी ज्या कागदांवरून आल्या, ते कागद.

गूगलवर आधी मराठीत शोधलं. प्लेग, रँड, चापेकर असे शब्द टाकले की ढिगाने पानं येतात आणि सगळीकडे तेच तीन परिच्छेद, कुणीतरी कुणाचे तरी उचललेले, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. इंग्रजीत नुसतं ‘रँड’ टाकलं तर दक्षिण आफ्रिकेच्या चलनाचा आजचा भाव समोर येतो. पुण्याचं आजचं स्पेलिंग टाकलं तर आजच्याच बातम्या. हळूहळू लक्षात आलं की १८९७ चा कारकून ज्या अक्षरांत लिहायचा त्याच अक्षरांत शोधायला हवं. ‘पूना’ लिहायचं, ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ लिहायचं, चापेकरांच्या नावात एक ‘एच’ जास्त घालून बघायचा आणि न घालताही बघायचा. ‘अत्याचार’, ‘जुलूम’ असले आपले शब्द तर सरकारी कागदात सापडणारच नाहीत. तिथे असतात ‘प्लेग ऑपरेशन्स’, ‘हाउस सर्च’, ‘सेग्रिगेशन कॅम्प’. हे शब्द वापरायला लागल्यावर दारं उघडायला लागली.

त्याहून मोठा उपयोग झाला तो तळटीपांचा. एका मैत्रिणीने मला प्लेगवरच्या एका संशोधन-लेखाची पीडीएफ पाठवली होती. लेख मी वरवर वाचला, तळटिपा मात्र पेन्सिल घेऊन वाचल्या. कारण संशोधकाने ज्या अहवालाचं पान नोंदवलंय, त्या अहवालाचं पूर्ण नाव, साल आणि छापल्याचं ठिकाण तिथे आयतं मिळतं. ते नाव जसंच्या तसं, जुनी पुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवणाऱ्या अर्काइव्ह डॉट ऑर्गच्या शोधखिडकीत टाकायचं. नवीन शिक्षकांना मी आता हेच सांगते, की आधी तळटीप गाठा, मग गूगल.

अशा मागावर निघाल्यावर पहिला मोठा साठा सापडला तो स्कॉटलंडमध्ये. एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचे अहवाल स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. पटकी, देवी, कुष्ठरोग, वेड्यांची इस्पितळं, दारू-गांजा, लष्करातले आजार आणि प्लेग. प्रत्येक पानाच्या चित्राबरोबर संगणकाने ओळखलेला मजकूरही असतो, त्यामुळे शब्द शोधता येतो. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला गेला तिथपासूनचे आकडे, तक्ते, इस्पितळांच्या हकिगती. ब्रिगेडियर जनरल गॅटेकर मुंबईच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष होता, त्याचा १८९६-९७ चा भलाजाडा अहवाल वाचता येतो. रात्री जेवणं उरकून मी त्यात शिरायचे आणि घड्याळ बघायचं भान राहायचं नाही. तक्ते कंटाळवाणे असतात हा माझा समज तिथेच गळून पडला. जातवार, वॉर्डवार, आठवडावार मृत्यू मांडणाऱ्या माणसाला काय महत्त्वाचं वाटत होतं, ते रकान्यांच्या मथळ्यांवरूनच कळतं.

पण मला पुणं हवं होतं. तळटिपांमधून कळलं की सप्टेंबर १८९६ ते मे १८९७ या काळातल्या प्लेगव्यवस्थेचा मुंबई सरकारने एक वृत्तांत छापला, आणि पुण्याच्या कामाचा रँडने लिहिलेला मसुदा त्याच्या पुरवणीत आहे. म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडली त्याचीच बाजू, त्याच्याच शब्दांत. तो मजकूर हाती आला तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरं. कुकर बंद कर.”

त्या मसुद्यात एक वाक्य आहे. आशय असा : सैनिकांनी एखाद्या स्त्रीच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार समितीच्या सदस्यांकडे, किंवा ज्यांच्या हाताखाली सैनिक काम करत होते त्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही समितीला मोठ्या समाधानाची बाब वाटते. हे वाक्य मी मराठीत उतरवलं आणि कागदावर एकटंच, मोठ्या अक्षरांत छापलं. त्याचं वर्गात काय झालं ते पुढे सांगते.

एक बाजू मिळाली की दुसरी शोधावीच लागते. ‘केसरी’चे जुने अंक घरबसल्या वाचायला मिळतील अशी माझी भाबडी आशा होती. टिळकांच्या केसरीतल्या लेखांचे जुने संग्रह स्कॅन केलेले मिळतात, पण देवनागरी स्कॅनमध्ये शब्द शोधायची सोय नावापुरतीच. जुना खिळ्यांचा टाइप, पिवळा कागद, मधेच पुसट झालेली ओळ. संगणक ‘प्लेग’ला काहीही समजतो. पान पान उलटत जाण्याला पर्याय नाही. इंग्रजीतला सरकारी अहवाल मला पाच मिनिटांत सापडावा आणि माझ्याच भाषेतला अग्रलेख शोधायला रविवार जावा, हे मला अजूनही खुपतं. आपल्याकडे पैसा कुठे कुठे जातो आणि कशाला मिळत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

याउलट गंमत झाली ती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची. ‘पेपर्स पास्ट’ हा न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आणि ‘ट्रोव्ह’ हा ऑस्ट्रेलियाचा जुन्या वृत्तपत्रांचा साठा आहे. दोन्ही फुकट, नोंदणीशिवाय वाचता येणारे. म्हटलं बघू तरी, आणि जून १८९७ च्या अखेरचे दिवस निवडून ‘पूना’ शोधलं. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या वर्णनांनी भरलेल्या पानांत, तारेने आलेली पुण्याची बातमी. गव्हर्नरच्या बंगल्यावरच्या समारंभातून परतणाऱ्या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या. गणेशखिंडीत झाडलेल्या गोळीचा आवाज जगाच्या त्या टोकाला पोचला, आणि तो आज चिंचवडच्या वर्गात प्रोजेक्टरवर दाखवता येतो. ट्रोव्हवर तर वाचकाला संगणकाने चुकीचा वाचलेला मजकूर दुरुस्तही करता येतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने घरी बसून अशा काही ओळी दुरुस्त केल्या आणि मग आठवडाभर तो आपण ऑस्ट्रेलियासाठी काम करतो असं सांगत फिरत होता.

ब्रिटिश पार्लमेंटातल्या चर्चांचे वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, १८०३ पासूनचे ऑनलाइन आहेत. हे मला आधी माहीत असतं तर व्हॉट्सअॅपवरच्या किती भांडणांतून सुटले असते! दर सहा महिन्यांनी स्टाफरूमच्या ग्रुपवर मेकॉलेचं ते ‘भाषण’ फिरतं : मी हिंदुस्थानभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण बदला वगैरे. खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५, स्थळ ब्रिटिश पार्लमेंट. आता मेकॉले १८३४ पासून हिंदुस्थानात होता. त्या तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण खरोखर आहे, पूर्ण मजकूर ऑनलाइन आहे, आणि त्यात हे वाक्य कुठेही नाही. शिवाय हॅन्सार्ड उघडलं तर दिसतं की त्या दिवशी पार्लमेंट भरलंच नव्हतं. निवडणुकीनंतरचं नवं पार्लमेंट त्या महिन्याच्या १९ तारखेला बसलं. अस्सल टिपण वाचलं तर मेकॉलेवर रागवायला भरपूर जागा आहे, खोट्याची गरजच नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. एका ज्येष्ठ सरांनी हात जोडलेला इमोजी टाकला, आणि पुढच्या सहामाहीत भाषण पुन्हा आलं.

तर हॅन्सार्ड. १८९७ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या प्लेगव्यवस्थेवरून हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारले गेले. त्यामागे होते गोपाळ कृष्ण गोखले. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेत गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यांच्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने साफ इन्कार केला. गोखले परत आले तेव्हा पत्रं लिहिणारे मित्र पुढे यायला तयार होईनात. पुरावा नाही म्हटल्यावर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून जे ऐकून घ्यावं लागलं ते वाचताना आजही वाईट वाटतं. मुलांच्या पुस्तकात गोखले म्हणजे मवाळ नेते, एवढंच. ही माफी वाचल्यावर ते हाडामांसाचे होतात.

पंडिता रमाबाईंचाही आवाज याच गदारोळात आहे. त्यांच्या आश्रमातल्या मुलीला पुण्याच्या प्लेग इस्पितळात जी वागणूक मिळाली त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. तेही विलायतेपर्यंत गेलं, आणि त्यालाही सरकारने खोटं ठरवलं. मला हे पत्र वर्गासाठी फार मोलाचं वाटतं. रमाबाई ना टिळकांच्या गोटातल्या, ना सरकारच्या वैरी. त्या ख्रिस्ती झालेल्या, पुण्यातल्या सनातन्यांनी वाळीत टाकल्यासारख्या. त्यांनी सरकारविरुद्ध कांगावा करण्याचं काही कारण नव्हतं. साक्षीदार कोण आहे, त्याला काय मिळवायचंय आणि काय गमवायचंय, हे विचारायला मुलांना शिकवायचं तर याहून चांगला कागद मिळणार नाही.

आणि चापेकर? दामोदर हरी चापेकरने येरवड्याच्या तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. तेव्हाच्या मुंबई राज्याने प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथांच्या दुसऱ्या खंडात ते इंग्रजीत छापलंय. मी ते सलग वाचलं. वडील हरिभाऊ कीर्तनकार, मुलं त्यांना साथ करायची. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची हकिगत आहे. धिटाई आहे, सैनिक व्हायची जबर ओढ आहे. आणि सुधारकांबद्दल असा काही संताप आहे की वाचताना मी एकदा फाइल बंद केली. हे मुलांना दाखवायचं का, हा प्रश्न चिंचवडच्या शिक्षिकेला पडणारच. त्या चौकातल्या पुतळ्यासमोर आमची प्रभातफेरी थांबते. मी मुख्याध्यापिकांशी बोलले. त्या म्हणाल्या, “बाई, त्याने स्वतः लिहिलंय ना? मग आपण कोण लपवणारे?” तरी वेचे निवडताना मी हात आखडता घेतला हे खरं. डांबराची हकिगत घेतली आणि सुधारकांबद्दलचा एक छोटा परिच्छेद घेतला. बाकी मोठी झाल्यावर वाचतील. १३ वर्षांच्या मुलांना किती द्यायचं हे वर्गात उभं राहणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

फोटोंचं काम सोपं गेलं. लंडनच्या ‘वेलकम कलेक्शन’मध्ये मुंबईतल्या १८९६-९७ च्या प्लेगची छायाचित्रं आहेत, कॅप्टन मॉस या अधिकाऱ्याच्या नावावर नोंदलेली. मोठ्या आकारात उतरवून घेता येतात, वापराच्या अटी प्रत्येक चित्राखाली लिहिलेल्या असतात. पाण्याच्या यंत्राने घरं धुऊन काढणारी पथकं, इस्पितळांचे वॉर्ड, झडतीला निघालेली मंडळी. मी मुलांना चित्राखालची ओळ झाकून फोटो दिले आणि फक्त जे दिसतं ते लिहायला सांगितलं. कोण कॅमेऱ्याकडे बघतंय, कोण बघत नाहीये, कोण उभं, कोण बसलेलं. मग ओळ दाखवली. बऱ्याच जणांना धक्का बसला तो झडतीच्या पथकांत आपलेही लोक दिसतात याचा. “म्हणजे सगळे गोरे नव्हते?” इथे मी पुढचं सांगितलं नाही, टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढलं होतं एवढंच म्हणाले. सरकारी उपाय लागणारच, पण ते करायची रीत ही नव्हे, अशी भूमिका असू शकते हे त्यांना त्यावरून उमगलं असावं.

सगळ्यात छोटा आणि सगळ्यात उपयोगी पडलेला कागद म्हणजे १८९७ चा साथरोग कायदा. ‘इंडिया कोड’ या सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर आहे. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. नाव, सरकारचे अधिकार, शिक्षा, आणि चौथं कलम असं की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हाच कायदा लावला होता हे मुलांना सांगितल्यावर वर्गात एकदम चुळबुळ झाली. घराला लागलेला ‘क्वारंटाइन’चा कागद, गल्लीच्या तोंडाशी बांधलेले बांबू, आजोबांना घेऊन गेलेली रुग्णवाहिका, सगळं निघालं. ती तासिका माझ्या हातून निसटली आणि मी ती निसटू दिली.

दुसऱ्या दिवशी रँडचं ते वाक्य फळ्यावर लावलं. प्रत्येक गटाकडे एकेक कागद : रमाबाईंच्या पत्राचा वेचा, गोखल्यांची माफी, आत्मवृत्तातली हकिगत, न्यूझीलंडची तार, कायद्याची चार कलमं. सगळं मराठीत, मीच उतरवलेलं. त्यात माझ्या सुट्ट्या गेल्या, पण मराठी माध्यमाच्या मुलांपुढे १८९७ चं सरकारी इंग्रजी ठेवणं म्हणजे त्यांना वर्गाबाहेर बसवणं. प्रत्येक कागदावर मूळ इंग्रजी पानाचं छोटं चित्रही चिकटवलं होतं, म्हणजे हे बाईंनी मनाने लिहिलेलं नाही याची खात्री.

कायद्याचा कागद ज्या गटाकडे होता त्यांतली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, उभी राहिली. म्हणाली, “बाई, तक्रार कुणाकडे करायची होती? त्यांच्याकडेच ना, जे झडती घेत होते?” मी म्हटलं, वाक्यात काय लिहिलंय ते वाच. तिने वाचलं. समितीकडे, किंवा सैनिक ज्यांच्या हाताखाली होते त्या अधिकाऱ्यांकडे. मग ती म्हणाली, “आणि केली असती तरी चौथ्या कलमामुळे दावा लावता आला नसता. मग कोण करणार?”

गोखल्यांच्या गटातला मुलगा लगेच अडला. त्याचं म्हणणं, मित्रांनी नावं सांगितली नाहीत म्हणजे कदाचित तसं घडलंच नसेल. नुसत्या पत्रावर कसा विश्वास ठेवायचा? त्यावर दोघांची चांगलीच जुंपली. घाबरले म्हणून बोलले नाहीत, की ऐकीव होतं म्हणून बोलले नाहीत? मी मधे पडले नाही. हे कागद पुढे ठेवून कुणीही छातीठोक निकाल देऊ शकत नाही, आणि मुलांनी तो देऊ नये असंच मला वाटत होतं. ‘विश्वसनीय’ म्हणजे कुणाला विश्वसनीय, असं एकाने वहीत लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. एका मुलाने मात्र शेवटी विचारलं, “बाई, हे परीक्षेला येणार का?” नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवला. त्याचंही बरोबर आहे.

सनावळीचं एक छोटं कामही त्या तासाला करून घेतलं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, रुग्णांची सेवा करताना. मुलांना ही तारीख पाठ होती आणि २२ जूनही पाठ होती, पण एक बालिकादिनाच्या भाषणातली आणि दुसरी क्रांतिकारकांच्या धड्यातली. दोन्ही एकाच पट्टीवर मांडल्यावर, आणि त्याच मार्चमध्ये घराघरांच्या झडत्या सुरू झाल्या हे कळल्यावर, वर्ग जरा गप्प झाला. मुंबईचे जनगणनेचे आकडेही शेजारी लिहिले : १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. एवढं मोठं शहर दहा वर्षांत आटलं, यातले मेले किती आणि पळाले किती, हा प्रश्न गृहपाठाला दिला. उत्तर आकड्यांत नाही, हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना मी शाबासकी दिली.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कुठलीही फाइल उतरवली की त्याच क्षणी ग्रंथाचं पूर्ण नाव, साल, पान आणि पत्ता वहीत टिपून ठेवा. स्कॅनचा पान क्रमांक आणि छापील पान क्रमांक वेगळे असतात, दोन्ही लिहा. संपूर्ण ग्रंथ उतरवायच्या भानगडीत पडू नका, शाळेच्या इंटरनेटचा जीव तेवढा नसतो. हवी ती चार पानं घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ मोफत नोंदणी केल्यावर वापरता येतं. तिथे गृहखात्याच्या फायली शोधताना फायलीचं नाव कारकुनी इंग्रजीत असतं हे विसरू नका. मुंबईच्या पुराभिलेखागारातलं बरंचसं मात्र अजून जागेवर जाऊनच बघावं लागतं. हक्कांचं म्हणाल, तर आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आणि सरकारी प्रकाशन असल्यास छापल्यानंतर ६० वर्षांनी ते सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळे १८९७ च्या कागदांची चिंता नाही. नव्या अनुवादांची आणि नव्या संपादनांची आहे.

राउलॅट समितीचा १९१८ चा अहवालही चाळून ठेवा. अर्काइव्हवर आहे. पुस्तकात राउलॅट म्हणजे काळा कायदा आणि जालियनवाला. पण त्याच्या आधीचा हा अहवाल उघडला की पहिलंच प्रकरण मुंबई इलाख्याचं निघतं, गणपती उत्सव, शिवजयंती आणि चापेकर. आमच्या वर्गात हे पान फिरलं तेव्हा मागच्या बाकावरून आरोळी आली, “आपला चौक पहिल्या पानावर!”

यंदा त्याच धड्याला १८७६-७८ चा दुष्काळ घ्यायचं चाललंय. दुष्काळ कमिशनचा अहवाल मिळालाय, दुष्काळी कामांवरच्या मजुरीत सर रिचर्ड टेंपलने केलेल्या कपातीबद्दलचे कागद मिळताहेत. फोटोंशी मात्र सावध आहे. हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे जे फोटो इंटरनेटवर कधी महाराष्ट्राचा दुष्काळ म्हणून, तर कधी १९४३ चा बंगाल म्हणून फिरतात, त्यांतले बरेच विलोबी वॉलेस हूपर या अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात काढलेले आहेत. ते मी यंदा चित्राखालची ओळ न झाकता, तिन्ही खोट्या-खऱ्या ओळींसकट देणार आहे, आणि कुठली खरी हे शोधायचं काम मुलांकडे. शाळेतल्या संगणक कक्षाची किल्ली तेवढी वेळेवर मिळायला हवी.